गावतळ्यात मासे वाढवायचे आहेत? आधी बोटुकली वाढवायला शिका

पहिल्या वर्षी आमच्या गटानं गावच्या पाझर तलावात दोन लाख जिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, सोडली. पंधरा घरांनी वर्गणी काढली, रात्रभर जीप चालवून पिशव्या आणल्या, तलावाच्या काठी नारळ फोडला आणि पिशव्या उघडून सरळ पाण्यात ओतल्या. मार्चमध्ये पाणी आटत आलं तेव्हा जाळं ओढलं. निघाली ती चिलापी, थोडे मरळ आणि एका पाटीत मावतील एवढे कटला. बायकांनी डाळीच्या पैशातून दिलेली वर्गणी होती ती. त्या संध्याकाळी तलावावर कोणी कोणाशी बोललं नाही.

मी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला, दोन एकरांचा शेतकरी. गटाची वही माझ्याकडे असते. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या गटांना आणि बचत गटांना ते उपयोगी पडेल. उन्हाळा आणि तलावांची तऱ्हा आपल्याकडे थोड्याफार फरकानं सारखीच आहे.

आधी चार शब्द समजून घ्या, नाहीतर बीज विकणारा काय देतोय तेच कळत नाही. अंड्यातून निघून तीन दिवस झालेलं पिल्लू म्हणजे जिरे, दिसायलाही जिऱ्याएवढंच. पंधरा-वीस दिवसांत ते इंचभर होतं, ते बीज. पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढं, म्हणजे तीन-चार इंचांचं झालं की बोटुकली. आणि बोटुकली मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर राखली तर ती खुंटवलेली बोटुकली. ती मोकळ्या पाण्यात सोडली की राहिलेली वाढ झपाट्यानं भरून काढते. खानदेशात हा शेवटचा प्रकार सोन्यासारखा आहे. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

## १. तलाव कोणाच्या दप्तरी आहे ते शोधा

आमच्या पहिल्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं, "पानी गावनं शे, पन मासा कोना शे?" आम्ही तेव्हा मनावर घेतलं नाही. दोन महिन्यांनी ठेक्याचा कागद घेऊन दुसऱ्या गावची माणसं आली तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली.

तलाव गावाच्या शिवारात असला म्हणून त्यातला मासा गावाचा होत नाही. गावतळं ग्रामपंचायतीचं असतं. पाझर तलाव आणि लहान बंधारे बहुतेक जिल्हा परिषदेच्या किंवा जलसंधारणाच्या दप्तरी असतात. पाटबंधाऱ्याच्या तलावात मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना देतो. म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय या तिन्ही ठिकाणी जाऊन तीन गोष्टी लेखी मिळवा: तलाव कोणाचा, सध्या ठेका कोणाकडे आहे, तो कधी संपतो.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुके, तसंच नवापूर, तळोदा, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली अनुसूचित क्षेत्रातली गावं पेसाखाली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखाली, येतात. १९९६ च्या पेसा कायद्यात लहान पाणवठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन योग्य पातळीच्या पंचायतींकडे सोपवलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यातल्या मासळीचाही समावेश आहे. तुमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्या दाव्यात मासळीचा उल्लेख आहे का, ते काढून वाचा.

सावध राहा: आधीपासून भोई किंवा कोळी समाजाची संस्था त्या पाण्यावर पोट भरत असेल तर तिच्याशी भांडून ठेका ओढू नका. त्यांना सोबत घ्या. जाळं विणणं, ओढणं, पाण्याचा रंग ओळखणं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. आपण शेतकरी माणसं ते दहा वर्षांतही शिकणार नाही. आमच्या गटात आज चार भोई कुटुंबं आहेत. त्यांच्याशिवाय आमचं एकही वर्ष निभलं नसतं.

## २. पाणी यायच्या आधी नियम लिहा

पांझरा नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, वाद मिटवायला पंच. पाणी कोणाला कधी मिळणार हे पेरणीच्या आधी ठरलेलं असायचं, म्हणून ती पद्धत टिकली. मासळीचा गट बसवताना आम्ही तेच डोळ्यांसमोर ठेवलं. पहिल्या पानावर लिहिलेले आमचे नियम असे:

- प्रत्येक घराची वर्गणी सारखी. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं तेवढ्या मजुरीचं काम करायचं, त्याची नोंद वहीत.
- राखणीची पाळी घरटी. आजारपण सोडून पाळी चुकली तर वाट्यातून कपात.
- गळ टाकून घरच्या कालवणापुरता मासा धरायचा दिवस ठरलेला. इतर दिवशी कोणीही नाही, सरपंचाचा पाहुणाही नाही.
- विक्रीच्या पैशातून पुढच्या वर्षीच्या बीज-खाद्याची रक्कम आधी बाजूला काढायची, मग वाटप.
- वही बायकांच्या बैठकीतही वाचून दाखवायची.

शेवटचा नियम दुसऱ्या वर्षी आला. वर्गणी बायकांची आणि हिशेब पुरुषांच्या पारावर, हे चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून वहीत खाडाखोड नाही.

नोंदणी कशी करायची? ठेका घ्यायचा तर बहुधा सहकारी संस्था लागते. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवायची. खासगी शेततळ्यात फक्त बोटुकली वाढवायची असेल तर बचत गट सुरुवातीला पुरतो. पहिल्याच वर्षी संस्थेच्या मागे लागून दमू नका. गट काम करतो का, हे आधी एका हंगामात कळू द्या.

## ३. पाणी फुटांत नव्हे, महिन्यांत मोजा

"आमच्या तलावाला पंधरा फूट पाणी असतं," असं जो तो सांगतो. विचारायचं ते वेगळं: पाच फुटांच्या वर पाणी किती महिने टिकतं?

आपल्याकडचे बहुतेक लहान तलाव ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. रब्बीचं पाणी सुटलं की जानेवारीपासून ओसरतात आणि मार्च-एप्रिलात तळ दिसू लागतो. म्हणजे माशाच्या हातात सात-आठ महिने. त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा नीट खात नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उथळ पाण्यात मासा तगतच नाही.

आता जिऱ्याचं गणित पाहा. जिरे मिळतं जुलै-ऑगस्टमध्ये. ते तलावात सोडलं तर बोटाएवढं व्हायलाच नोव्हेंबर उजाडतो. तोपर्यंत मरळ, चिलापी, बेडूक आणि पाणकिडे निम्म्याहून जास्त खाऊन टाकतात. जे उरतं त्याला वाढीचे महिने उरत नाहीत. आमचे दोन लाख असेच गेले. मी तेव्हा बीज देणाऱ्याला दोष देत होतो. त्याचाही वाटा होता, तो पुढे सांगतो. पण मोठी चूक आमचीच होती.

म्हणून आठमाही तलावात सोडायची ती गेल्या वर्षीची खुंटवलेली बोटुकली, आणि सोडायची ती तलाव भरताभरताच. ती पहिल्या दिवसापासून खाते, तिला मरळ सहज गिळू शकत नाही, आणि फेब्रुवारीपर्यंत तिचा बाजारात उभा करण्याजोगा मासा होतो. पण ही बोटुकली हवी तेव्हा, हवी तेवढी विकत मिळत नाही. ती आपणच वाढवावी लागते. सगळ्या कामाची किल्ली इथं आहे, म्हणून पुढच्या पायऱ्या मी सविस्तर लिहितोय.

## ४. किती जिरे लागेल? उलटा हिशेब करा

समजा तुमच्या तलावाचं भरवशाचं पाणी चार हेक्टर आहे. थोड्याफार खाद्यावर चालणाऱ्या गावतलावात हेक्टरी चार हजार बोटुकली पुरे. म्हणजे १६ हजार बोटुकली हवी.

बीजाची बोटुकली होईपर्यंत शंभरातले साठ जगतात असं धरा. म्हणजे सुमारे २७ हजार बीज हवं. जिऱ्याचं बीज होताना शंभरातले तीस जगले तरी चांगलं. म्हणजे ९० हजार जिरे. एक लाख आणा, झालं.

एक लाख जिरे म्हणजे किती? एका मिलिलीटरमध्ये साधारण पाचशे बसतात, म्हणजे लाखभर जिरे जेमतेम २०० मिली. पाणी प्यायच्या पेल्याएवढं. एवढ्याशा ऐवजात गावाचं वर्ष असतं, म्हणून मी नवीन माणसाला तो पेला हातात धरून दाखवतो.

जागा किती? मातीच्या तळ्यात जिऱ्यासाठी हेक्टरी ३० ते ५० लाख हे प्रमाण चालतं. एक लाखाला दोन-तीन गुंठे पुरतात. पुढे बीजाची बोटुकली करायला हेक्टरी दोन लाखांचं प्रमाण धरा. ३० हजारांना १५ गुंठे. म्हणजे एका-दोघांची शेततळी आणि एक छोटा खड्डा एवढ्यावर गावाचं काम भागतं.

## ५. संगोपन तळं तयार करणं

ही पायरी जिरे आणायच्या तीन आठवडे आधी सुरू करा. खालची मापं तीन गुंठ्यांच्या, एक मीटर पाणी धरणाऱ्या मातीच्या तळ्याची आहेत.

सुकवा. उन्हाळ्यात तळ पूर्ण तडकू द्या. तळाला ओल राहिली तर मरळ चिखलात दबा धरून राहतो. सुकवणं शक्यच नसेल तर मोहाची पेंड टाका. एक मीटर पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो, म्हणजे आपल्या तळ्याला ७५ किलो. सातपुड्यातल्या माणसाला ती ओळखीची आहे. तिनं नको ते मासे मरतात आणि पुढे तिचंच खत होतं. पण तिचा विखार तीन आठवडे टिकतो, तोवर जिरे सोडायचं नाही.

चुना. सात-आठ किलो, तळावर सारखा फेकायचा.

पाणी भरा. पाइपाच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी दुहेरी बांधा. कालव्याच्या पाण्यातून चिलापीची पिल्लं येतात.

खत. शेंगदाण्याची पेंड साडेबावीस किलो, ताजं शेण सहा किलो, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो. यातला निम्मा माल रात्रभर भिजवून, कालवून, जिरे येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तळ्यात सगळीकडे शिंपडा. उरलेला पुढच्या पंधरा दिवसांत दोन-तीन हप्त्यांत. हे खत माशासाठी नाही. पाण्यात जे सूक्ष्म जीव तयार होतात त्यांच्यासाठी आहे. जिऱ्याचं पहिलं अन्न तेच. ५० लीटर पाणी प्लवंग-जाळीतून, म्हणजे हे सूक्ष्म जीव अडवणाऱ्या बारीक जाळीतून, गाळा. खाली एक ते दोन मिली गाळ साठला तर तळं तयार आहे असं समजा. काहीच साठलं नाही तर जिरे आणणं पुढं ढकला.

पाणकिडे. नवीन माणूस इथंच हरतो. खत पडलं की पाण्यात उलटं पोहणारे किडे येतात. एकेक किडा दिवसभरात कितीतरी जिरे शोषून टाकतो. सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, स्वस्त खाद्यतेल पावणेदोन किलो आणि कपड्यांचा साबण अर्धा किलो गरम पाण्यात घोळून पृष्ठभागावर पसरा. किड्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही, ते मरतात. वारा असेल तर तेल एका काठाला जमा होतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं असेल तर दोन गोष्टी. माती नसल्यामुळे पाण्याला जीव धरायला वेळ लागतो. शेणखताची पोती कडेला पाण्यात लटकवून ठेवा. आणि दुसरी, जी मासळीपेक्षा मोठी: प्लास्टिकच्या उतारावर पाय घसरला की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि जुन्या ट्यूब बांधा, कुंपण करा, लहान मुलांना तिथं पाठवू नका. हे केल्याशिवाय आमचा गट कोणाचंही शेततळं वापरायला घेत नाही.

फवारणी. शेजारी कपाशी असेल तर बांधावरून वाहून येणारं पाणी तळ्यात शिरणार नाही अशी चारी काढा. पंप तळ्यात धुऊ नका, असं शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगा. मोठ्या माशाला एखाद्या वेळी काही होत नाही, जिरे मात्र तासाभरात पांढरं पडून तळाला बसतं.

## ६. जिरे आणणं आणि सोडणं

शक्यतो सरकारी मत्स्यबीज केंद्रातून किंवा स्वतः जाऊन पाहिलेल्या हॅचरीतून, म्हणजे माशांची अंडी उबवून जिरे काढतात तिथून, आणा. मागणी जूनमध्येच नोंदवा. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन घ्या: कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. ४०, ३०, ३० असं प्रमाण आम्हाला जमलं. तापीकाठी, रावेर-यावलकडे केळी आहे. तिथल्या गटांनी पुढे थोडा गवत्या मासा जरूर ठेवावा, त्याला केळीची पानं कापून टाकता येतात. फक्त ती पानं बिनफवाऱ्याची हवीत.

घेताना हे पाहा. मोजमाप छिद्राच्या वाटीनं होतं. वाटीतलं पाणी पूर्ण निथळू द्यायला सांगा. आम्हाला पहिल्या वर्षी निम्मं पाणीच मोजून दिलं होतं. थोडं जिरे पांढऱ्या ताटलीत घेऊन पाणी बोटानं गोल फिरवा. निरोगी पिल्लू प्रवाहाच्या उलटं पोहतं, दुबळं मध्ये गोळा होतं. "मागूर" म्हणून स्वस्तात थाई मांगूर कोणी देऊ केलं तर हात लावू नका. त्यावर बंदी आहे आणि ते तलावातलं बाकी सगळं खाऊन टाकतं.

प्रवास रात्रीचा करा. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन असतो. घरी आल्यावर पिशवी बंदच तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिशवी आडवी धरून पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. ओतायचं नाही. वेळ सूर्योदयाच्या आसपासची किंवा संध्याकाळची.

## ७. पहिले पंधरा दिवस आणि पुढचं वर्ष

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सारख्या प्रमाणात, वस्त्रगाळ. लाख जिऱ्याला पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, नंतर दुप्पट; दोन वेळांत विभागून. नवापूर-पिंपळनेरकडे भात असल्यानं कोंडा सहज मिळतो. सरकीची पेंड स्वस्त पडते म्हणून वापरू नका. सरकीतलं विषारी द्रव्य लहान माशाला मानवत नाही.

रोज पहाटे तळ्यावर जा. हे काम दुपारी करून चालत नाही. रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो पहाटे. पिल्लं पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत असतील तर त्या दिवशी खाद्य आणि खत दोन्ही बंद, आणि पंपानं तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. ढगाळ, कोंदट दिवसांनंतर हे हमखास होतं. पाण्याचा रंग पाहायला हात सरळ पाण्यात घाला. पाणी कोपराला लागेपर्यंत तळवा दिसेनासा झाला तर ठीक. मनगटापाशीच दिसेना झाला तर खत जास्त झालं.

पंधरा-वीस दिवसांनी बीज मोठ्या तळ्यात हलवा. तिथं दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते. त्यातली काही लगेच विका. शेततळेवाले शेतकरी दारात येऊन घेऊन जातात, आणि गटाला पहिला पैसा यातूनच मिळतो. बाकीची दाटीत राखून ठेवा, पोटापुरतं खाद्य द्या, उन्हाळा काढा. उन्हाळ्यात विहिरीचं थोडं पाणी रोज टाकायची सोय लागते. ज्याच्याकडे ती आहे त्याचंच शेततळं यासाठी निवडा. खंड्या, बगळे आणि पाणकावळे रोखायला वरून दोऱ्या ताणा.

## ८. मोठ्या तलावात सोडणं आणि राखण

आदल्या उन्हाळ्यात तलावात डबकं उरलं असेल तर जाळं ओढून मरळ-चिलापी जेवढी निघेल तेवढी काढा. सांडव्याला जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच पुरात वर्षाची कमाई नाल्यातून पांझरेला जाते. सोडताना मोजा. सगळी नव्हे; एक पाटी मोजायची आणि पाट्या किती झाल्या ते लिहायचं. हा आकडा वहीत नसेल तर मार्चमध्ये "मासे कमी कसे" या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि गट फुटतात ते याच प्रश्नावर. एका वर्षी आमचाही फुटता फुटता राहिला.

राखण नोव्हेंबरनंतर कडक करा. मासा दिसू लागला की गळ आणि जाळी वाढतात.

## ९. काढणी आणि विक्री

एकदम सगळं काढू नका. डिसेंबरपासून मोठा मासा थोडा थोडा काढा, लहान परत सोडा. गावात आधी द्या, तेही रोख आणि वजनानं. आठवडे बाजाराच्या आदल्या पहाटे जाळं ओढा, बर्फ आधीच आणून ठेवा. व्यापाऱ्याला अख्खा तलाव अंदाजानं विकायचा मोह होतो. आम्ही तो एकदा केला आणि पुन्हा करणार नाही. काटा आपला, वही आपली. श्रावणात आणि नवरात्रात मागणी घटते, पण आपली काढणी हिवाळ्या-उन्हाळ्यातली असल्यानं त्याचा त्रास होत नाही.

## १०. कागद आणि पैसा

जवळ एका फायलीत हे ठेवा:

- सगळ्यांचं आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत
- सातबारा आणि आठ अ (शेततळं ज्याचं आहे त्याचं), किंवा नोंदणी केलेला दीर्घ मुदतीचा भाडेकरार
- संस्था किंवा गटाचं नोंदणीपत्र, सभासद यादी, ग्रामसभेचा ठराव
- तलावाच्या मालकीचा आणि ठेक्याचा कागद
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- कामाचा प्रकल्प अहवाल, दरपत्रकं, आधी-नंतरचे फोटो

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. संगोपन तळ्यासाठी हेक्टरी ७ लाख आणि गोड्या पाण्याच्या हॅचरीसाठी २५ लाख असा खर्चाचा मापदंड तिच्यात धरला आहे. चालू वर्षी कोणता घटक खुला आहे, ते जिल्हा कार्यालयात विचारूनच अर्ज करा. २०२४ पासून राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी सुरू झाली आहे. ती आधी करून टाका. किसान क्रेडिट कार्ड मासळीसाठीही मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. बँकेत आणि वीज कार्यालयात हे सांगायला कचरू नका.

सावध राहा: अनुदान काम झाल्यावर, तपासणी होऊन येतं. ते गृहीत धरून सावकाराकडून पैसे उचलू नका. आमच्या शेजारच्या एका गटानं तेच केलं. तळं झालं, पण व्याजापायी दोघांचे बैल गेले.

## ११. हॅचरी कधी काढायची?

प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच बैठकीत हॅचरी हवी असते. मला त्यांची तळमळ कळते. बीजासाठी दुसऱ्यांच्या दारात उभं राहणं जिव्हारी लागतं. पण आधी आकडे पाहा.

१० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात माशांना ग्रंथीरसाचं इंजेक्शन देऊन प्रजनन घडवलं. आजही देशात तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याआधी नदीच्या पुरातून जिरे गोळा करावं लागे, कारण कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. हॅचरीत गोल टाकीत पाणी फिरतं ठेवून नदीचा भास दिला जातो. इंजेक्शननंतर काही तासांत अंडी पडतात, १४ ते १८ तासांत फुटतात आणि तिसऱ्या दिवशी जिरे तयार होतं. हे तीन दिवस पाणी एक मिनिटही थांबून चालत नाही. तेव्हा वीज गेली तर वरच्या टाकीत किती तासांचं पाणी आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जनक माशांचा: दोन-तीन वर्षांचे नर-माद्या बारा महिने पाणी असलेल्या तळ्यात वेगळे पोसावे लागतात, आणि ते एकाच घराण्यातले असून चालत नाही. नाहीतर पिढीगणिक मासा खुजा होत जातो.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं फायबरची, उचलून नेता येणारी हॅचरी तयार केली आहे. तिच्यात एका फेरीत दहा-बारा लाख जिरे निघतं. आपल्या एका गावाला लागतं एक लाख. म्हणजे सर्वांत लहान हॅचरीची एक फेरी खपवायलाही दहा-बारा गटांची संगोपन तळी तयार हवीत. ती नसतील तर जिरे तिसऱ्या दिवशी विकायचं कोणाला? ते ठेवता येत नाही, नासतं. म्हणून आधी आसपासच्या गावांना बोटुकली वाढवायला शिकवा, मग सगळ्यांनी मिळून एक हॅचरी काढा. आमचे सध्या सात गट झाले आहेत.

तोवर हात शिकवायचा असेल तर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, या माशावर शिकवा. तो साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, हिवाळा सरतानाही आणि पावसाळ्यातही. त्याची अंडी चिकट असतात. हापा, म्हणजे मच्छरदाणीसारखी कापडी पेटी, तळ्यात बांधायची, आत पाणवनस्पती टाकायच्या आणि एक मादी, दोन नर सोडायचे. सकाळी पाल्याला अंडी चिकटलेली दिसतात. तो पाला उचलून दुसऱ्या हाप्यात ठेवला की दोन-तीन दिवसांत पिल्लं. नर-मादी ओळखणं, अंडी जपणं, नोंदी ठेवणं हे सगळं यातून येतं आणि खर्च फक्त कापडाचा. फक्त सायप्रिनस बांध उकरतो, म्हणून मोठ्या तलावात त्याचं प्रमाण कमी ठेवा.

हे तुम्ही दिवाळीच्या सुमारास वाचत असाल तर तलावाचा कागद आणि गटाची वही यांना लागा, त्याला हिवाळा पुरतो. मार्च-एप्रिल असेल तर आधी संगोपन तळ्याचा तळ नांगरून घ्या. पहिला पाऊस पडल्यावर ट्रॅक्टर आत जात नाही.